बाईंचा कोट

आई,

आधी नमस्कार, मग बाकीचं. मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या साहेबीण बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा मला मिळाली. एवढ्यात गावभर सांगत सुटू नकोस.

उद्या कारखान्यातला नवा बॉयलर पहिल्यांदा पेटवायचाय. इथली रीत अशी, की ज्याने तो तपासून पास केला, त्याने पेटवताना शेजारी उभं राहायचं. आजवर बाई उभ्या राहायच्या, कोटाच्या खिशात हात घालून, अगदी निवांत. उद्या मी. सगळं पुन्हा पुन्हा तपासलंय, तरी मघाशी परत एकदा जाऊन बघून आले.

बाईंना म्हटलं, "उद्या तुम्ही या ना."

म्हणाल्या, "मी आले तर सगळे माझ्याकडेच बघतील. माझा कोट घेऊन जा."

आत्ता तो घालून बघितला. खिशात हात घातले तर बोटं आरपार गेली. दोन्ही खिशांचं अस्तर नखांनी कुरतडून कुरतडून फाटलंय.

तू असतीस तर लगेच सुई-दोरा काढला असतास. मी मात्र ते तसंच ठेवणार आहे. उद्या मलाही लागेल.

तुझीच,
घाबरट धाकटी