जाणाऱ्याला धरणारा बंड्या

नवीन पनवेल, ता. १२ जानेवारी १९९२

ती. दादास,
सुमतीचा सा. न. वि. वि.

आभाचं डोहाळजेवण परवा झालं. वहिनीला एकटीलाच पाठवलंस. का आला नाहीस ते मला ठाऊक आहे, त्या कारणाला चार पाय आहेत! ह्यांच्या वर्षश्राद्धाला निघताना बंड्यानं तुझी पोटरी धरली, पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. हे मला जन्मभर ऐकायचंय, ऐकते.

पण आता पाणी डोक्यावरून गेलंय. विहीणबाई कुमुदताई दिवसभर त्याचे लाड करत होत्या, आपल्या ताटातली बर्फीसुद्धा भरवली. तोही पायाशी लोळत होता. संध्याकाळी ओटी भरून, पिशवी उचलून त्या फाटकाकडे वळल्या मात्र, ह्या गुलामानं त्यांचा पदर धरला. सोडवायला गेलेल्या जावईबापूंच्या मनगटाला दात लागले. येणाऱ्याला काही करत नाही, जाणाऱ्याला सोडत नाही. कुमुदताईंचा निरोप आलाय, की कुत्रं घरात असेल तर आभा बाळंतपणाला येणार नाही. एक फेब्रुवारीला ती यायची ठरलीय.

मला लेक हवी रे. पण बंड्यालाही ह्यांनीच आपटा गावच्या नदीकाठून पिशवीत घालून आणलेलं. घालवायचं म्हटलं की घास उतरत नाही. चांगलं घर शोध त्याला.

मुलांना आशीर्वाद. वहिनीची आणि तुझी माया अशीच राहो.
तुझी सुमती

पुणे, ता. १६ जानेवारी १९९२

चि. सुमतीस,
अनेक उ. आ. वि. वि.

पोटरीवरची खूण अजून आहे. तुझी वहिनी ती आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते. तुझं कुत्रं आमच्या घरात असं प्रसिद्ध आहे.

विचुंब्याला माझे ऑफिसातले मित्र महादेवराव यांनी घर बांधलंय. आवार मोठं आहे, राखणीला कुत्रं हवंच आहे. फोन करून ठरवलंय, नेऊन सोड. तिथेही टिकला नाही, तर मात्र रडत बसू नकोस. जनावरांच्या डॉक्टरकडे ने, एक सुई देतील, प्रश्न मिटेल. मला दगड म्हण हवं तर. आभा पहिलटकरीण आहे, तिला बाप नाही. आई तरी जवळ हवी.

काय ते लगेच कळव, इकडे जिवाला घोर लागतो.
तुझा दादा

नवीन पनवेल, ता. २६ जानेवारी १९९२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचुंब्याचं तीन दिवसांत आटोपलं. महादेवरावांनी दोन दिवस तोंड भरून कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी काम उरकून थैल्या उचलून निघालेल्या गवंड्यांना बंड्यानं दोन तास आवारात अडवून ठेवलं. महादेवराव त्याला रिक्षानं घेऊन आले, पण स्वतः खाली उतरलेच नाहीत. उतरते तर परत कसे जाते?

मग मी हरले. डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतली. त्या सकाळी त्याला दहीभात कालवायला बसले. तेवढ्यात भीमाबाई आली. तू तिला पाहिलंयस, जासईपलीकडच्या खाडीवरून मासळी घेऊन येते ती. मी रडत रडत सगळं सांगितलं. ती टोपली उतरवून पायरीवर बसली आणि चक्क हसली. म्हणाली, बाय, साल झाला तो सगल्यांना धरतंय, मला कदी धरलान काय? अगं बाई, खरंच की! कधीच नाही.

मग तिनं ओसरीच्या कोपऱ्यातल्या आपल्या लाकडी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. मासे कापायचा तो जड ठोकळा रोज कोण वाहणार, म्हणून ती तो माझ्याकडेच ठेवून जाते. तिचं म्हणणं, माजी वस्तू हितं ऱ्हाते, म्हून त्याला ठाव हाय मी परत येनार. तो वाईट नाय, त्याला जानाऱ्याची धास्ती हाय.

दादा, मी गार झाले. हे निळी बॅग घेऊन इस्पितळात गेले, आणि आठ दिवसांनी ती बॅग तू घेऊन आलास. नुसती बॅग. बंड्यानं ती हुंगली आणि दोन दिवस फाटकातून हलला नाही. वर्षश्राद्धाला त्यानं पहिलं धरलं कुणाला? तुलाच. आपण शिकलीसवरलेली माणसं तुझी पोटरी बघत बसलो, आणि टोपलीवाल्या बाईनं त्याचं मन ओळखलं. धन्य तिची!

तीच त्याला घेऊन गेली. तिच्या घरचे चौघे पुरुष चपला काठावर काढून रोज खाडीत होडी घालतात. ती म्हणाली, आमच्याकडं रोज जातान, रोज येतान, बगून बगून शिकंल. दोरी धरून ती निघाली, आणि तो गेला रे. वळून एकदा बघितलं फक्त. डॉक्टरांना नको म्हणून कळवलंय. घर खायला उठलंय, पण आभा येईल आता.

वहिनीला नमस्कार. रागावला असलास तर राग सोड.
तुझी सुमती

पुणे, ता. ३१ जानेवारी १९९२

चि. सुमतीस,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. बॅगेपाशी पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिनंच वाचलं. ती बॅग माझ्या हातात होती, सुमे.

चौतीस वर्षं नोकरीत माणसं पारखली म्हणून मी मिरवतो, आणि सुईचा सल्ला दिला तो मीच. भीमाबाईंना माझा नमस्कार सांग. उगाच शिष्टाचार म्हणून नाही, मनापासून सांग.

आभाला जप. स्वतःलाही जप, हे मी सांगायचं आणि तू ऐकायचं नाही, असं आपलं चालत आलंय.
तुझा दादा

नवीन पनवेल, ता. १७ ऑगस्ट १९९२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राखी पोचली असेल. आभा तान्ह्या चारुताला घेऊन जुलैत सासरी गेली. निघताना मीच बंड्या झाले होते, पोरीचं दुपटं सोडवेना. आभानं काय केलं, बाळाचं एक अंगडं मुद्दाम दोरीवर तसंच ठेवलं. कुणाकडून शिकली ते तुला सांगायला नको. मी ते अजून काढलेलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा निघाल्या, म्हणून काल भीमाबाईकडे जाऊन आले. सुरुवातीला आठ दिवस बंड्यानं तिच्या भावेशला होडीत चढू दिलं नव्हतं म्हणे. पोराचा लेंगा फाटला, पण त्यानं काठी उचलली नाही, आईची ताकीद होती. किती मोठी माणसं ही! आता काठावर चार जोड चपला आणि शेजारी बंड्या. होडी सुटली तसा एकदा भुंकला आणि चपलांपाशी राखण करत बसला. ती परत आली तेव्हाचा त्याचा नाच बघायला हवा होतास. माझे डोळे वाहत होते, मी पुसलेही नाहीत.

मग माझी निघायची वेळ झाली. पिशवी उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं मला धरलं नाही रे. शांतपणे गेला आणि माझ्या चपलांवर बसला. भीमाबाई त्याला उठवायला धावली, मीच नको म्हटलं. राहू देत, पुढच्या खेपेला येऊन घालीन. तशीच अनवाणी एसटीत चढले. कंडक्टरला वाटलं माझा काही नवस आहे.

भाऊबीजेला यायचंस, आता घरात चावायला कुणी नाही. येताना तुझी एखादी जुनी वस्तू आण, इथेच ठेवून जायला. भीमाबाईच्या ठोकळ्याशेजारी जागा करून ठेवलीय.

तुझी सुमती