थैली खुळखुळली, म्हणजे सगळं ठीक

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकारावा). तुझे गुडघे, भाऊजींचं पित्त आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. चिमणी काय म्हणते? तू लिहिलंस की पोरगी म्हणजे गरीब गाय, स्थळाचा विषय निघाला की मान खाली घालून खोलीत जाते आणि दार लावून घेते. असो. त्याच स्थळाबद्दल लिहायला बसले आहे. मुलगा आमच्याच विमानतळावर सहवैमानिक, आणि मी इथल्या हँगरमध्ये चाकं नि ब्रेक बघणारी, म्हणून तू हुकूम सोडलास की जरा जवळून बघून कळव, रविवारी त्यांना होकार-नकार द्यायचा आहे. बघितला. इतका बघितला की त्याच्यासकट विमान परत आलं.

आधी तुला पिनेचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विमान उभं असलं किंवा ओढून न्यायचं असलं, की त्याचे पाय चुकून मुडपू नयेत म्हणून प्रत्येक पायात एक जाडजूड पिन घालतात. पिनेला हातभर लांब लाल रिबीन असते, आंधळ्यालाही दिसावी अशी. उड्डाणाआधी फोरमनने पिना काढून थैलीत घालायच्या, कॅप्टनने थैलीतल्या पिना मोजायच्या, आणि सहवैमानिकाने विमानाभोवती चक्कर मारून, वाकून, पायात काही राहिलं नाही ना ते बघायचं. पिन राहिली तर विमान उडतं झकास, पण चाकं पोटात जात नाहीत. एवढ्याशा पिनेवर इतकी माणसं नेमली आहेत, आणि घोळ तिथेच आहे. चार सुनांच्या घरात दूध हमखास उतू जातं.

मंगळवारी सकाळी मोठे साहेब फोटोग्राफर घेऊन आले. कॅलेंडरसाठी विमानाचा फोटो हवा होता. साहेबांना विमानातलं इतकंच कळतं की ते पांढरं असतं. त्यांना त्या रिबिनी खटकल्या. म्हणाले, या चिंध्या कसल्या लोंबतायत? झालं! आमच्या फोरमनने (साहेब शिंकले तर हा रुमाल घेऊन धावतो) सगळ्या रिबिनी गुंडाळून आत खोवल्या, पाहुणे आले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो तशा. फोटो सुरेख आला. मग ट्रॅक्टरवाल्याने विमान ओढून प्रवाशांच्या दाराशी नेलं. त्याला वाटलं, पिना फोरमन काढेल. फोरमनला वाटलं, ट्रॅक्टरवाल्याने काढल्या, कारण रिबिनी कुठे दिसत नव्हत्या (ज्या त्यानेच खोवल्या होत्या! कपाळ बडवून घ्यावं ते किती?). राहिले कॅप्टन. ते म्हणजे फार मोठं प्रस्थ. ते थैली उघडत नाहीत, हलवतात. आमच्याकडची जुनी रीतच आहे ती: थैली कानाशी नेऊन हलवायची, खुळखुळली म्हणजे पिना आहेत. खुळखुळली. आत काय होतं ते नंतर निघालं. कुणाच्या तरी स्कूटरच्या किल्ल्या, एक चमचा आणि खुद्द कॅप्टनसाहेबांची खोकल्याच्या गोळ्यांची डबी, जी ते कधीपासून शोधत होते आणि जिच्यापायी त्यांनी सफाईवाल्या बाईंवर आळ घेतला होता.

आता तुमचे जावईबापू. मी शेजारच्या विमानाखाली चाक उतरवत होते, तिथून सगळा तमाशा दिसत होता. काळा चष्मा, कडक इस्त्री, कानाला फोन. बागेत फेरफटका मारावा तसा विमानाभोवती फिरला. हसत काय होता, लाजत काय होता, एकदा तर टायरला पाठ टेकून उभा राहिला. वाकायचं तिथे वाकला नाही. वाकला तो बूट पुसायला, आणि तेव्हा पिन त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती (हे मला नंतर कळलं, रिबीन खोवलेली, माझ्या जागेवरून दिसणार कशी?). पलीकडे पोरगी होती हे सांगायला ज्योतिषी नको, आईशी बोलताना कुणी टायरशी लाडात येत नाही. मनात म्हटलं, कोण ही भवानी? माणूस कामावर आहे, त्याच्या मागे विमानभर माणसं बसायची आहेत, एवढी अक्कल नाही हिला? आईबापांनी काही वळण लावलंय की नाही?

विमान उडालं आणि झोक्यावरच्या पोरासारखे पाय खाली सोडून राहिलं. चाकं आत जाईनात. मग वजन कमी करायला इंधन जाळत डोक्यावर घिरट्या, आणि मग उतरलं. (चाकं बाहेरच होती, उतरायला तसा धोका नव्हता. पण हे प्रवाशांना सांगायचं कॅप्टनना सुचलं नाही. एका आजोबांनी वर असतानाच तोंडी मृत्युपत्र करून टाकलं, आणि खाली आल्यावर ते मागे घेतो म्हणाले तेव्हा दोन्ही मुलगे त्यांच्याशी बोलेनात.) लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन दारात उभे राहून त्या स्वीकारत होते, जणू पिना शत्रूने घातल्या होत्या.

दुपारी चौकशी बसली. सगळ्यांचे फोन काढून एका ट्रेमध्ये ठेवले, आणि मला साक्षीला म्हणून ट्रेशेजारीच बसवलं. साहेब म्हणाले, रिबिनींचा विषय आपण काढलाच नव्हता. फोरमनने ट्रॅक्टरवाल्याकडे बोट दाखवलं, ट्रॅक्टरवाल्याने फोरमनकडे. कॅप्टन म्हणाले, थैली वाजली होती, हवं तर आत्ता वाजवून दाखवतो. शेवटी हा पोरगा उठला. चष्मा काढून म्हणाला, "मी बघितलं नाही. फोनवर होतो." कुणाशी, असं विचारल्यावर म्हणाला, "फोन कुणाचा ते सोडा. डोळे माझे होते." बघितलंस, कसं पाठीशी घातलं तिला! स्थळ आपल्या चिमणीचं आणि जीव भलतीकडे. तूर्त त्याचं उडणं बंद केलंय, परीक्षा पुन्हा द्यायची आहे.

आणि तू लिहितेस, स्थळ पारखून घेतलंय. कुणी गं पारखलं? तू म्हणतेस भाऊजींनी. भाऊजी म्हणतात तुझ्या नणंदबाईंनी. नणंदबाई म्हणतात, मुलाकडचे दिसायला बरे वाटले. थैली हलवलीत तुम्ही सगळ्यांनी मिळून. माझं मत विचारशील तर अशा माणसाच्या हातात मी पोरीचा हात सोड, नट आवळायचा पानासुद्धा देणार नाही.

भाऊजींना नमस्कार, गरीब गायीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. एक सांगायचं मुद्दाम ठेवलं होतं. चौकशी चालू असताना ट्रेमधला त्याचा फोन थरथरला. मी झटकन पालथा केला. सगळे एकमेकांकडे बोट दाखवण्यात गुंतलेले, फोनकडे कुणी बघितलं नाही. मी बघितलं. पडद्यावर फोटो होता. मी दिलेले कानातले, तू शिवलेला पिवळा ड्रेस, आणि मान अजिबात खाली नव्हती. ती खोलीत जाऊन दार का लावते ते आता कळलं असेल. नणंदबाईंना हे स्थळ कुणी 'सहज' सुचवलं, तेही एकदा घरातच विचार.

पुन्हा ता. क. होकार कळव. वरचा पान्याचा मजकूर रद्द समज. इतकी वर्षं या हँगरमध्ये काढली, चुका करणारे पोत्याने पाहिले, पण चूक माझी म्हणणारा हा पहिलाच. नोकरी टांगणीला लागली तरी पोरीचं नाव ओठावर येऊ दिलं नाही. माझे डोळे भरून आले, डोळ्यात ग्रीस गेलं म्हणून सांगितलं. आणि हो, वर भवानी म्हटलंय आणि आईबापांच्या वळणाचं विचारलंय, ते मुद्दामच खोडलेलं नाही. उत्तर पाठव.

शेवटचं, आणि हे पत्र खरं यासाठीच. चिमणीला सांग, फोन केव्हाही कर, पण तो विमानाभोवती फिरत असेल तेव्हा नाही. लग्नाला मी त्याच्याच विमानाने येणार आहे.