नळाला बांधलेली शेळी

१२ जानेवारी २०२६, सोमवार

१. शुक्रवारी डहाणूच्या साप्ताहिकात माझं व्यंगचित्र आलं. नावाशिवाय.
२. चित्रात तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा नवा नळ. पाण्याचा थेंब नाही. नळाला शेळी बांधलेली. बाई म्हणते, "चला, कशाच्या तरी उपयोगी पडला."
३. आज ठेकेदार विपुलभाईंनी ते पान माझ्यासमोर ठेवलं. "कोणी काढलं असेल, रियाबेन?"
४. मी म्हणाले, "सांगता येणार नाही."

खरंच येणार नव्हतं. त्या नळयोजनेची साइट इंजिनियर मीच. कळलं तर नोकरी गेली.

१४ जानेवारी

चढावर पाइपात हवा अडकते, म्हणून पाणी पुढे जात नाही. तिथे एअर व्हॉल्व्ह हवा, असं मी विपुलभाईंना दोनदा लेखी दिलं होतं. उत्तर नाही.

आज अच्छाडच्या ढाब्यावर चहावाल्याने त्यांना विचारलं म्हणे — "शेठ, शेळी दूध किती देते?" त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी हसले नाही. स्कूटरवर बसल्यावर हसले. बोर्डीपर्यंत.

१७ जानेवारी

पाड्यावर गेले. चित्र कुडाच्या भिंतीला चिकटवलेलं. तिथली तुळशी सगळ्यांना सांगत होती, "पेपरात आली ती माझी शेळी."

तिचा शेजारी धनेश म्हणाला, "तुझीचे कान पडके. पेपरातली उभ्या कानांची. ती माझी."

"तुझी कधी बांधली होती नळाला?"

"काल बांधली ना."

आता नळाला दोन शेळ्या. निवाडा माझ्याकडे — "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा." मी नळ मोजून काढला होता, शेळी मनानेच. म्हटलं, बघून सांगते.

२० जानेवारी

विपुलभाईंनी चित्रातल्या जमिनीवर बोट ठेवलं. "माती अशी कोण काढतं, बेन?"

जमिनीखाली तिरक्या रेघांचे झुपके. आमच्या नकाशांत माती अशीच दाखवतात. हात सवयीने गेला!

"व्हॉल्व्ह वापीहून मागवलाय," ते म्हणाले. "उद्या बसवून घ्या. आणि मला काढाल तेव्हा पोट जरा कमी."

२२ जानेवारी

पाणी आलं! आधी नुसती हवा — फुसफुस, खोकला, मग धार. दोन्ही शेळ्या भिजल्या, दोर तोडून पळाल्या. तुळशी हंडा टाकून मागे. "आता हिला बांधू कुठं?"

सगळे हसले. मीही, सगळ्यांसमोर. मग सांगूनच टाकलं — "तुळशीबाय, चित्र मी काढलं."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग कान पाडून दे आता."

२५ जानेवारी, रविवार

संपादकांना पाठवलं:

सोबत नवं व्यंगचित्र. नळ वाहतो आहे, शेजारी ठेकेदार शेळीच्या नव्या खुंट्याची फीत कापतो आहे. कोपऱ्यात आमच्या नकाशांवर असते तशी चौकट आहे, ती कापू नये. तिच्यात लिहिलंय:

काढलं: रिया सावे, साइट इंजिनियर.
कान तपासले: तुळशी.
पोट तपासलं: विपुलभाई.

नावासकट छापणार का, ते बुधवार, २८ तारखेपर्यंत कळवावे.