पेटीला दोन कुलुपं

४ मार्च
यंत्राच्या वाहतुकीची जबाबदारी आजपासून माझी. रस्त्याखालची माती किती दबली ते मोजणारं यंत्र. पोटात किरणोत्सर्गी गोळी. पेटीला दोन कुलुपं, गाडीत मागे साखळीने बांधायची, माणसांपासून लांब. नियम वाचून घाबरले नाही. हात धुतले, ते आईची शिकवण म्हणून. महिनाभरात तपासणी. पास झाले तर पद कायम, नाहीतर पुन्हा टायपिंग.

५ मार्च
शिसारी! ड्रायव्हरकाका पेटीवर डबा मांडून जेवतात. साखळीवर ओला बनियन. झाकणावर भाताची शितं. नियम वाचून दाखवले. काका म्हणाले, पेटी एवढी महत्त्वाची असती तर साहेबांनी स्वतःजवळ ठेवली नसती का, तुला कशाला दिली असती. उद्यापासून कडक.

६ मार्च
कडक वागले. बनियन निघाला. त्याच्या जागी मोजे आले.

११ मार्च
पद्धत ठरवली. यंत्र पेटीत ठेवायचं ते रस्त्यावर मापं घेणाऱ्या तंत्रज्ञाने. मी लांब उभी. झाकण बंद दिसलं की नाक दाबून जायचं, कुलुपं, साखळी, परत. आत डोकावत नाही. यात भीती कसली? अंतर हा नियमच आहे. शिवाय मोजे.

१२ मार्च, दुपारी १
कामावरून परतताना वाटेत अचानक तपासनीस. गाडी थांबवली. कागद ड्रायव्हरच्या हाताशी, कुलुपं घट्ट, साखळी ताठ. पेटीला किरणं मोजायचा मीटर लावला तर काटा हलेना. पुन्हा लावला. बिचारे माझ्याकडे बघतच राहिले. इतकी चोख व्यवस्था त्यांनी पाहिली नसावी. पद कायम समजायला हरकत नाही. आता पेटी उघडा म्हणतायत. हौस असते एकेकाला.

दुपारी १.१५
आत यंत्राच्या आकाराचा खळगा. बाकी काही नाही.
तेवढ्यात तंत्रज्ञाचा फोन. धूळ जाऊ नये म्हणून त्याने रिकाम्या पेटीचं झाकण लावलं होतं; शेवटचं माप बाकी होतं. आवाज शांत. "मॅडम, पेटी गेली, यंत्र इथेच आहे. मी शेजारी उभा राहू, की लांब?"
काका हसले नाहीत. मला पाणी दिलं. त्यांच्याच बाटलीतलं. प्यायले. शी.

१३ मार्च
टायपिंग. यंत्र भर रस्त्यात सोडून आल्याचा अहवाल साहेबांनी मलाच टाईप करायला दिला. दोनदा तपासला. एकही चूक नाही.