डावीकडची बुजगावणी

प्रिय ठमे,

पाकीट हाताला जड लागलं असेल. आत काहीतरी कडक आहे, ते कागदात गुंडाळलेलं तसंच राहू दे आणि आधी पत्र वाच. पत्राचं कारण पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं हा उद्धटपणा आहे, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या. पाणीखात्याच्या तक्रार विभागात मी सगळी नोकरी त्याच नियमावर केली. लोकांच्या लांबलचक रडगाण्यातून कारण हुडकायचं आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहायचं, एवढंच माझं काम. आज तो नियम मी मोडणार आहे. तू वैतागशील. वैताग.

आधी घरची खबर. जिन्यातला दिवा अजून लागलेला नाही. खालच्या शिंपीणबाईंनी कुत्रा पाळलाय. तो चोरावर भुंकत नाही, पोस्टमनवर भुंकत नाही, फक्त माझ्यावर भुंकतो. पडदे शेवटी राखाडी घेतले. परवा फोनवर मी तुला पडद्यांचा रंग पुन्हा पुन्हा विचारत होते, तेव्हा तू म्हणालीस, आई, तू बरी आहेस ना? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. तर ते पडदे हे.

बाबा मजेत आहेत. परीक्षा आटोपली की तुझी काडी इथे येणार आणि आजोबांकडे गाडी शिकणार, या एका गोष्टीवर त्यांचा अख्खा दिवस चालतो. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हा बाकीच्या गाड्या विकल्या, पण ती एक जुनी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली, नातीसाठी ठेवली होती, आठवतंय ना? ती रोज पुसतात. मागच्या काचेवरची 'शिकाऊ'ची पाटी नव्याने रंगवली, आणि ती वाळेपर्यंत मला बाल्कनीत फिरकू दिलं नाही. तू शिकत असताना फाटक पाडलंस तेव्हासुद्धा या माणसाने आवाज चढवला नव्हता. खाली उतरून फाटक उचललं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, आरसा, खांदा, मग चाक. चल, परत. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. मीच तेवढी शिकले नाही. याचं कारण ते सगळ्यांना सांगतात, की पहिल्याच दिवशी मी त्यांना शिकवायला लागले.

आता त्या खेळाचं. गेल्या सुट्टीत काडीने तिचा व्हिडिओ गेमचा कन्सोल आमच्या टीव्हीला जोडला आणि परीक्षेचं वर्ष म्हणून इथेच सोडून गेली. त्यातला तो मोठा खेळ, ज्यात एक मुलगा कंदील घेऊन बहिणीला शोधत ओसाड गावांतून फिरतो, तो बाबांना झेपला नाही. फार वाचावं लागतं म्हणाले. पण त्याच कंपनीने त्यातून एक धाकटा खेळ काढलाय, तो प्लास्टिकच्या बंदुकीबरोबर फुकट मिळाला होता. गावं तीच, शेतं तीच, पण गोष्ट नाही, बहीण नाही, कंदील नाही. नुसती बुजगावणी उठतात आणि आपण नेम धरून पाडायची. शिवणाच्या तासाला सिस्टर आम्हाला फ्रॉकच्या उरलेल्या कापडातून पिशवी शिवायला लावायच्या, तसला प्रकार. पिशवीला कुणी फ्रॉक म्हणू नये, पण उपयोगी असते, हे मी मान्य करते. मी बाकी त्या खेळाकडे पाठ करून बसायचे. घरात बंदूक, मग ती प्लास्टिकची का असेना, मला चालत नाही. दुपारच्या चहानंतर बाबा सोफ्यावर बसून ठो ठो करायचे आणि मी जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून शब्दकोडं सोडवायचे. त्या खेळात लागोपाठ पाडत गेलं की एक घंटी वाजते, आणि एक जरी चुकलं की भोंगा. काडी होती तोवर दोघांची घंटी वाजत असायची. हळूहळू भोंगा वाढला. मला ऐकूनच कळायचं.

एक दिवस बाबा म्हणाले, खेळात दोष आहे. डावीकडची बुजगावणी येतच नाहीत, आणि न आलेल्यांचाही भोंगा माझ्या नावावर वाजतो.

तू मला ओळखतेस. या माणसाने जन्मात कधी खोटं सांगितलेलं नाही, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकललेली नाही. ते दोष आहे म्हणतात म्हणजे दोष आहे. मी तक्रार लिहिली. इंग्रजीत, सिस्टरांना अभिमान वाटेल अशी. कंपनीने निमूटपणे नवी बंदूक पाठवली. फरक शून्य. मी दुसरी तक्रार लिहिली, ती जरा तिखट होती, तर नवी डिस्क आली. तरी भोंगा तो भोंगाच. मग मी फोन लावला. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून माझ्यासारखीच पिचलेली. मी तिला सांगितलं, तुमच्या कंपनीला म्हाताऱ्या माणसांना गंडवताना लाज कशी वाटत नाही, अर्धा खेळ विकता आणि पूर्ण खेळाचा भोंगा वाजवता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, बाई, घरात दुसऱ्या कुणी खेळून बघितलंय का?

मी म्हटलं, तुम्हाला काय म्हणायचंय, आणि फोन ठेवला.

ठमे, तक्रार विभागात आलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिला प्रश्न कुठला विचारायचे? तू लहानपणी टेबलाखाली बसून माझी नक्कल करायचीस, तुला पाठ असेल. शेजाऱ्यांच्या नळाला पाणी आहे का? शेजाऱ्यांकडे नसेल तर दोष आमच्या पाइपात. शेजाऱ्यांकडे असेल तर तुमच्या घरात बघा. लोक चिडायचे. एकजण तर छत्री उगारून आला होता. आणि मी मात्र हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

बाबा केस कापायला गेले तेव्हा मी टीव्ही लावला. चष्मा नाकावर, बंदूक दोन्ही हातांत, तुझी आई सोफ्यावर. कुणी बघितलं असतं तर पोलीस बोलावले असते. मक्याचं शेत आलं. उजवीकडून एक बुजगावणं उठलं. मग डावीकडून एक. मग डावीकडे दोन. डावीकडची सगळी येत होती, ठमे. अगदी वेळेवर, हात पसरून, टोपी घालून. मी एकही पाडलं नाही. नुसती बघत बसले आणि भोंगा वाजत राहिला.

मला रडू वगैरे आलं नाही. काही झालंच नाही. मी बंदूक जागेवर ठेवली, दूध तापवलं, ते उतू गेलं, ओटा पुसला. तेव्हापासून हे असंच चाललंय. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो ना, तशी मी घरात वावरतेय. कुत्रा भुंकला तरी राग येत नाही. यावरून काय ते समज.

बाबा परत आले तेव्हा म्हटलं, खेळा बघू, मी आज बघते. ते इतके खूश झाले की बंदूक हातात घ्यायच्या आधी त्यांनी मला खेळाचे नियम समजावले. डावीकडून बुजगावणं उठलं, उभं राहिलं, खाली गेलं. त्यांचा चेहरा हलला नाही. ते उजवीकडची टिपत होते, छान टिपत होते. भोंगा वाजला की माझ्याकडे बघून मान हलवायचे, बघितलंस? आलं का एकतरी? मी म्हटलं, नाही. दोष आहे.

आमच्या ऑफिसातली मोतीबिंदूवाली मैत्रीण ज्यांच्याकडे जायची त्या डोळ्याच्या डॉक्टरांना मी भाजी आणायला जाते सांगून खालून फोन केला. ते म्हणाले, कुठला डोळा, ते बघा. एक झाकून, मग दुसरा झाकून. हे बाबांकडून कसं करून घ्यायचं? पण त्या फुकटच्या खेळाने तिथेही मदत केली. मी म्हटलं, खरे नेमबाज एक डोळा मिटतात, तुम्ही दोन्ही उघडे ठेवून बसता, म्हणून चुकतंय. त्यांना पटलं. आधी उजवा मिटला, मग डावा. दोन्ही वेळा डावीकडचं शेत त्यांच्यासाठी रिकामं होतं. मी परत खाली जाऊन डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मग हे डोळ्याचं नसावं, डोक्यातलं असू शकतं. याच आठवड्यात आणा. आणि गाडी चालवत असतील तर आजपासून बंद.

आता मागचं एकेक आपोआप समोर येऊन बसतं. गाडीचा डावा आरसा मोडला होता, तो बाबा म्हणाले कुणीतरी उभ्या गाडीला धडकून गेलं. आम्ही दोघांनी मिळून त्या कुणालातरी शिव्या घातल्या होत्या. जेवताना ताटातले डावीकडचे वाटाणे तसेच राहायचे. मी विचारलं, आता माझ्या हातचं गोड लागत नाही का, तर ते चकित होऊन ताटाकडे बघायचे. आणि सगळ्यात मोठा विनोद ऐक. गेले काही महिने गाडीत मी शेजारी बसले की प्रत्येक चौकात ते विचारतात, तिकडून काही येतंय का गं? मी सांगते, येतंय, थांबा. किंवा, चला, रिकामं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या माणसाला अखेर माझं मत विचारावंसं वाटलं, म्हणून मी मनातल्या मनात फुशारले होते. शिंपीणबाईंना सांगितलंसुद्धा.

डॉक्टरांनी शुक्रवारची सकाळ दिलीय. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आणि इथे मी अडकलेय. तू म्हणशील, तुला कधीपासून शब्द सुचेनासे झाले? मुख्य अभियंत्याला मी भर सभेत सांगितलं होतं की तुमच्या टाकीपेक्षा माझी घागर भरवशाची आहे. तुझ्या सासूबाईंना लग्नाच्या दिवशी काय सांगितलं ते सगळ्या मांडवाने ऐकलं. पण या माणसासमोर बसून, तुम्हाला अर्धं जग दिसत नाही, काडीला तुम्ही शिकवायचं नाही, ती पाटी काढून टाका, हे माझ्या तोंडून निघत नाही. चार वेळा सुरुवात केली. चारही वेळा चहा हवा का विचारलं. ते म्हणाले, आज फार चहा पाजतेयस. तुला फोन केला तर तिथेही पडदेच निघाले. म्हणून लिहितेय. लिहिताना निदान हात चालतो.

आज सकाळी बाबा गाडीची किल्ली शोधत होते. पेट्रोल भरून आणायचं होतं, काडी येणार म्हणून. किल्ली टेबलावर होती, त्यांच्या कपाच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर. त्यांनी कपाट बघितलं, खिसे बघितले, चपलांच्या खाली बघितलं, परत टेबलाशी येऊन बसले. मला म्हणाले, तू बघितलीस का गं? मी म्हटलं, नाही. ते आंघोळीला गेले तेव्हा मी ती उचलली. कागदात गुंडाळलेली आहे ती तीच. उद्यापासून ते किल्लीवाल्याकडे खेपा घालतील, पण मूळ किल्लीशिवाय तो काही करू शकत नाही, हे मी विचारून ठेवलंय. तू गुरुवारी ये, एकटी. त्यांच्या डाव्या बाजूला बसून एकदा तो खेळ बघ, आणि मग तूच सांग त्यांना. तुझं ऐकतात. फाटकाच्या वेळी ते जसे बोलले होते ना, तसं बोल, आवाज न चढवता. मी तिथेच असेन, भिंतीकडे तोंड करून. आणि एक राहिलं. गाडीची दुसरी किल्ली तू कॉलेजात असताना सहलीला हरवलीस, त्यावरून मी तुला इतकी वर्षं बोलतेय. ते सगळं परत घेते. बरं झालं हरवलीस.

बोलायचं तेवढं तुझ्यावर सोपवून गप्प बसलेली,
तुझीच
आई