राहीबाईंनी न घेतलेलं नाव

३ जून, सुपा
आज रुजू झाले! दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर पाटी झळकतेय : कैनात शेख. नगरला अम्मीला फोन करून सांगितलं, तुझी मुलगी आता एसीत बसते. एसी कॉम्प्युटरसाठी आहे, हे सांगायचं टाळलं. खोलीही झकास मिळाली. घरमालकीण राहीबाई. त्यांच्या नवऱ्याला अख्खी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणते. सामान लावत होते तर राहीबाई भाकरी-ठेचा घेऊन दारात हजर. माझं खाऊन होईपर्यंत मिश्री लावत समोर बसून राहिल्या.

११ जून
काष्टीचे एक काका बसमध्ये बेशुद्ध पडले, कंडक्टरनं दवाखान्यात आणलं. सोबत कुणी नाही. खिशातल्या आधारकार्डावरून त्यांची नोंद उघडली : साखरेचा आजार, चालू औषधं, सगळं समोर. काका वाचले आणि शुद्धीवर येताच गोड चहा मागू लागले! जुने कागद असते तर ते घरच्या पत्र्याच्या पेटीतच राहिले असते. आज माझी कॉलर ताठ आहे.

२४ जून
राहीबाईंच्या पायाची जखम चिघळली, अंगात ताप. अण्णा शेतात, म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. आधारकार्ड घरी राहिलेलं. कॉम्प्युटरात राहीबाई पठारे दोन निघाल्या. गाव एक, वयही जवळपास सारखं, फक्त नवऱ्याची नावं वेगळी. तुमच्या नवऱ्याचं नाव काय, विचारलं तर यांनी पदर तोंडाला लावला. “कारभाऱ्याचं नाव घिऊन त्यांचं आयुष्य कमी करू व्हय?” मी चिडवलं, नाव घ्या, नाहीतर दुसराच नवरा लावून देईन. तापातही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मागे रांग ओरडत होती. मी वरची नोंद दाबली.

२५ जून
राहीबाई गेल्या. इंजेक्शन दिलं आणि श्वासच अडकला. आधी कधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. या म्हणाल्या, पोरीनं समदं लिवलंय. मी उघडलेल्या नोंदीत काहीच नव्हतं. खालच्या नोंदीत लाल अक्षरांत होतं : पेनिसिलीन चालत नाही. पती : गहिनीनाथ. अण्णांचं नाव मला आज कळलं. एक फोन लावला असता तर.

२ जुलै
अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा केला. म्हणाले, “माझं आयुष्य वाढावं म्हनून गेली. जलमात एकदा सुदिक तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं न्हाई.” मी खूप रडले.
मृत्यूची नोंद त्या दुसऱ्या राहीबाईंवर पडलीय. दुरुस्तीचा अर्ज वर गेलाय. कॉम्प्युटरात आमच्या राहीबाई अजून जिवंत आहेत.

९ जुलै
अण्णांच्या मोबाईलवर मेसेज आला : राहीबाई पठारे, बीपी तपासणीसाठी यावे. अण्णा धुतलेलं धोतर नेसून दवाखान्यात आले. शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून जागा धरली. मी हात जोडले, घरी चला म्हटलं. ती यील, म्हणाले.

१५ जुलै
राहीबाईंच्या नोंदीत आजची भेट लागलीय. नाडी : शून्य. मी लावलेली नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे.
पतीचं नाव पुसलं गेलंय. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं.

१६ जुलै
भर दुपारी भिंतीवरच्या स्क्रीनने पुकारलं — राहीबाई पठारे, खिडकी एक. सगळ्यांनी ऐकलं. रोज येऊन बसणाऱ्या अण्णांनी शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलली. हवेत मिश्रीचा वास —
रजा मागितली. मिळाली नाही. अण्णांना इथं एकटं सोडून तरी कशी जाऊ.

१८ जुलै
खिडकीशी उभ्या आहेत. तोंडावर पदर नाही. आता नाव घेते म्हणतात. पोरीची अडचण नको.
राहीबाई, नको — माझी चूक आहे, मी लिहिलंय नाव, हे बघा लिहिलंय — त्यांचं आयुष्य —
अण्णा खुर्चीवर ताठ बसलेत. कान देऊन. हसतायत.
त्या लाजतायत. ओठ हलले — ग — हि —