पाहुणी चवळी

आई, आज वर्गात पोरांना एक प्रोग्राम चालवून दाखवला. एका टिचकीत हजार पिढ्या. कोणता गुण टिकला, कोणता नुसत्या योगायोगानं बुडाला, सगळं रंगीत रेघांत. पोरं जांभया देत होती आणि मला मात्र चौबे कॉलोनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवून एकटीलाच हसू फुटलं.

रायपूर नुकतं राजधानी झालं होतं. गावभर नव्या कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या, पण आमच्या विभागात कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्यापुढे ही रांग. माझा एम.एस्सी.चा प्रबंध जनुकांच्या गणितावर. मग मी लोणच्याच्या सहा रिकाम्या बरण्या घेतल्या आणि प्रत्येकीत दहा पांढऱ्या, दहा लाल चवळ्या टाकल्या. न बघता एक काढायची, रंग लिहायचा, परत टाकायची, असं वीसदा. ज्या रंगाच्या जितक्या निघाल्या, त्या रंगाच्या तितक्याच चवळ्यांची पुढची पिढी. एखादा रंग शून्यावर आला की त्या बरणीतून तो कायमचा गेला, हेच तर मला दाखवायचं होतं. मी दिवसभर कॉलेजात, म्हणून दुपारचं काम तू मागून घेतलंस. "डोये मिटून दाणेच काढाचे न? त्याले काय एम.एस्सी. लागते?" सातवी शिकलेली तू पदर खोचून बसायचीस, आणि डाळीला फोडणी देता देता तीन पिढ्या उरकायचीस.

प्रबंध द्यायला आठवडा उरला आणि मी तुझी वही उघडते, तर शंभर पिढ्यांनंतरही सहापैकी एकही बरणी एकरंगी नाही. असं होणं जवळजवळ अशक्य. कडेला जागोजागी तुझ्या अक्षरात लिहिलेलं, "पाहुणी १". मी विचारलं, हे काय? तू शांतपणे पोळी उलटलीस. "एकच पांढरी उरली होती बिचारी. मले पाहवलं नाही. शेजारच्या बरणीतून एक आणली, तिकडे बदल्यात लाल धाडली."

मी केवढी ओरडले! तीन महिने पाण्यात गेले, वर्ष वाया गेलं, तुला काही कळत नाही. हो, हेही म्हणाले मी. तू पुढची पोळी तव्यावर टाकत म्हणालीस, "तुले काहून एवढा राग येऊन राहिला? आपण नाही का आलो गोंदियाहून? आलो म्हणून काय रायपूर बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी वही माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवली. सरांनी दोन पानं उलटली, कडेचं वाचलं आणि खो खो हसत सुटले. "अरे, ये तो माइग्रेशन है! और हर बार ईमानदारी से लिखा भी है. एक पन्ना मत फेंकना." पुस्तकातल्या स्थलांतराच्या सूत्रात पाहुणे केव्हाही येतात. तुझी पाहुणी मात्र रंग बुडायला आला की मगच यायची. ते सूत्र तुझ्या स्वभावाप्रमाणे वळवायला आम्हाला चार दिवस लागले, आणि उत्तर तुझ्या वहीशी असं जुळलं की मी खुर्चीतच टाळ्या पिटल्या. आई, गणितात इतका आनंद मला त्याआधी कधीच झाला नव्हता.

हे कागद मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुला जाऊनही इतकी वर्षं झाली. तरी एक सांगायचं राहिलंय. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बाकी सगळं सोडून त्या पाहुण्यांबद्दलच विचारलं. म्हणाले, ही कल्पना सुचली कुणाला? मी ताठ मानेनं म्हटलं, मला. संध्याकाळी मी पेढे घेऊन आले, तर तू दारातच विचारलंस, "माह्यामुळे मार्क तर नाही कटले न?" आणि मी मोठ्या मनानं तुला माफ केलं.